ज्येष्ठ शाहिराचा कार्यक्रम रेकॉर्ड करताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

सत्तरी ओलांडलेल्या शाहिराकडे वह्या असतात, पण वहीत फक्त शब्द असतात. चाल कुठे वळते, कोणत्या ओळीला झीलकरी (मागे उभे राहून साथीला गाणारे) ‘जी जी रं जी’ म्हणत आवाज चढवतात, दोन कवनांच्या मधे कोणती हकिकत सांगितली जाते, ढोलकीवाल्याला नुसत्या नजरेने काय सुचवलं जातं, यातलं काहीच कागदावर येत नाही. ते कार्यक्रमातच घडतं आणि नीट धरून ठेवलं नाही तर त्याच रात्री संपतं. आपल्या भागात अशा कार्यक्रमांना तोटा नाही. फेब्रुवारीत शिवजयंतीचे पोवाडे, एप्रिलमध्ये भीमगीतांचे जलसे, कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वस्त्यांत जागरण-गोंधळ, दिवाळे-करावे गावांत आगरी-कोळी गाणी. फोन वर करून दोन गाणी टिपणारे तिथे पुष्कळ असतात. अख्खा कार्यक्रम सुरुवातीच्या वंदनेपासून, म्हणजे गणापासून, शेवटच्या भैरवीपर्यंत स्वच्छ आवाजात जपणारे मात्र थोडे. हे काम दोन-तीन माणसं साध्या सामानावर करू शकतात. ते कसं करायचं, ते क्रमाने पाहू.

आधी गायकाला भेटा

कार्यक्रमाच्या निदान दोन आठवडे आधी घरी जा. फोनवर हे काम होत नाही. भेटीत पाच गोष्टी विचारून लिहून घ्या: गायक उभ्याने गाणार की बसून; हातात डफ, दिमडी, तुणतुणं यांपैकी काय असेल; साथीला किती जण आणि कोणती वाद्यं; गाण्याची पट्टी (मूळ सूर) कोणती, म्हणजे पेटीची काळी चार की पांढरी पाच; आणि साधारण क्रम काय. क्रम त्या रात्री बदलणारच, तरीही गण कुठे, मोठा पोवाडा कुठे आणि मध्यंतर कुठे एवढं कळलं तरी पुष्कळ. पट्टी आपल्याला कशाला, असं वाटेल. पण ढोलकी कोणत्या सुरात लावलेली असेल हे आधी ठाऊक असलं, तर चाचणीच्या वेळी ती उतरलेली आहे हे तुमच्याही कानाला कळतं.

याच भेटीत परवानगी लेखी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचाही आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. म्हणून सही एकट्या शाहिराची पुरत नाही. ढोलकीवाला, संबळवाला, झीलकरी या सगळ्यांच्या सह्या हव्यात. शब्दांचा हक्क वेगळा. तो कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, तो २०६४ पर्यंत. पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यांना हे बंधन नाही. ‘लोकगीत आहे, कुणाचंच नसतं’ असं धरून चालू नका. गायकाला विचारलं की कोणतं कवन परंपरेतलं, कोणतं गुरूचं आणि कोणतं स्वतःचं, हे ते नेमकं सांगतात. कागद एका पानाचा, मराठीत, मोठ्या अक्षरात असावा. त्यावर रेकॉर्डिंग कशासाठी, कोणाकडे राहील, इंटरनेटवर टाकायचं की नाही, टाकल्यास पैसे आले तर कुणाला किती, एवढंच. सही घेण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवा.

आणि तोंडी एक शब्द द्या: “शाहीर, कार्यक्रम तुमचा. आम्ही बाजूला असू. मधे थांबवणार नाही, एकही कडवं पुन्हा म्हणायला लावणार नाही.” तो पाळायचा.

जागा पाहून घ्या

ठाण्यात गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृह, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह. नाहीतर एखादं मैदान, सोसायटीचं पटांगण, गावातल्या देवळासमोरचा मांडव. जागा कोणतीही असो, कार्यक्रमाच्या वेळेलाच जाऊन दहा मिनिटं गप्प बसा. दुपारी शांत वाटलेली जागा संध्याकाळी ओळखू येत नाही. रेल्वेमार्ग जवळ असेल तर हॉर्न, रस्त्याकडेला असेल तर रिक्षा, मांडवामागे जनरेटर. जनरेटर हलवता येतो, पण आदल्या दिवशी सांगितलं तरच. लांब केबल आणायची तयारी मंडपवाल्याला आधी करावी लागते.

उघड्यावरच्या कार्यक्रमात घड्याळ हा मोठा घटक. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत मुभा मिळते. बंद नाट्यगृहाला हा नियम तसा लागू नाही. याचा रेकॉर्डिंगशी संबंध असा, की सत्कार-भाषणं लांबली की साडेनवाला आयोजक विंगेतून हात दाखवू लागतात आणि शाहीर सर्वांत मोठा पोवाडा अर्ध्यावर आवरतात. आयोजकांना आधीच विनंती करा की सत्कार मध्यंतरात घ्या. दहापैकी निम्मे लोक तरी ऐकतात.

नाट्यगृहात वेगळी अडचण, एसीची. पावसाळ्यात बाहेर दमट हवा, आत थंड आणि कोरडी. ढोलकीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, एसीत हळूहळू ताणलं जातं, आणि पहिल्या अर्ध्या तासात सूर सरकत राहतो. उपाय साधा आहे: वाद्यं कार्यक्रमाच्या तासभर आधी रंगमंचावर आणून ठेवायची, म्हणजे ती तिथल्या हवेला सरावतात. कंडेन्सर माइकचं (बारीक आवाजही टिपणारा नाजूक माइक) उलट होतं. एसीतून काढून दमट मैदानावर नेला की आत बाष्प धरतं आणि चरचर ऐकू येते. तो अर्धा तास बॅगेतच राहू द्या आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. गायकाच्या अंगावर थेट एसीचा झोत येत नाही ना, हेही पाहा. वयस्कर गळा थंड हवेने लगेच बसतो.

सामान

चार चॅनलचा किंवा सहा चॅनलचा हातातला रेकॉर्डर, झूम एच५ किंवा एच६ च्या जातीचा, पुरेसा आहे. तीन छोटे कंडेन्सर माइक, दोन साधे डायनॅमिक, म्हणजे मोठा आवाज झेपणारे दणकट माइक (शुअर एसएम५७ किंवा त्या धर्तीचे), चार स्टँड, दहा मीटरच्या सहा एक्सएलआर (तीन पिनांच्या, माइकच्या) केबल आणि एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (मिक्सर आणि रेकॉर्डर यांच्यामधे लावायची, विजेची गुणगुण अडवणारी छोटी पेटी). कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवाच. कानात घालायच्या इअरफोनवर मैदानात काहीच कळत नाही. गाफर टेप, टॉर्च, वही, पेन, दोन जादा मेमरी कार्डं. केबल नव्याने घेत असाल तर लॅमिंग्टन रोडवर प्रत्येक केबल दुकानातच टेस्टरवर लावून घ्या. रेकॉर्डिंग बिघडण्याचं सर्वांत सामान्य कारण सैल सोल्डर हेच असतं.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल. एमपी३ मध्ये रेकॉर्ड करू नका, नंतर करता येतं. जागेचा हिशेब असा: एका ट्रॅकला तासाला सुमारे ५२० एमबी. सहा ट्रॅक, साडेतीन तास, म्हणजे जवळपास ११ जीबी. ३२ जीबीचं कार्ड पुरतं, ६४ चं असलं तर निश्चिंत. फाइल २ किंवा ४ जीबीला आपोआप तुटते, त्याला घाबरू नका, तुकडे एकापाठोपाठ बिनचूक जुळतात. कार्ड आदल्या रात्री रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको.

विजेचं पाहा. कंडेन्सर माइकला फँटम वीज (रेकॉर्डरमधून केबलवाटे जाणारी ४८ व्होल्टची वीज) दिली की बॅटरी निम्म्या वेळात संपते. पॉवर बँक चालते, पण काही पॉवर बँक ओढ कमी असली की ‘काम झालं’ समजून बंद पडतात. घरी पूर्ण तीन तास चालवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका, आणि रेकॉर्डरमध्ये सेल ठेवाच, म्हणजे बाहेरची वीज गेली तरी तो चालू राहतो.

साउंडवाला

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. ‘मिक्सरमधून लाइन घेतली, झालं काम’ असं वाटतं आणि घरी येऊन ऐकलं की शाहिराचा आवाज कानाशी, ढोलकी पार गावाबाहेर, संबळ नाहीच. यात साउंडवाल्याचा दोष नसतो. तो मिक्सरवर तेवढंच चढवतो, जेवढं हॉलमध्ये कमी पडतं. संबळ आणि ढोलकी माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात, म्हणून त्यांना बोर्डावर, म्हणजे मिक्सरवर, जेमतेम आवाज असतो. तुम्ही लाइनमधून घेता ते हॉलमधलं गाणं नसतं, हॉलमध्ये घातलेली भर असते. म्हणून नियम ठेवा: बोर्डाची लाइन आणि स्वतःचे माइक, दोन्ही. एकावर कधीच भागवायचं नाही.

साउंडवाल्याला दोन दिवस आधी फोन करा, चाचणीच्या वेळी अचानक केबल घेऊन उभे राहू नका. त्याच्याकडे डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येक चॅनल वेगळा रेकॉर्ड करण्याची सोय बहुधा असते; एक कार्ड किंवा लॅपटॉप लावला की काम झालं. ॲनालॉग असेल तर एक मोकळा ऑक्स (मिक्सरमधून निघणारी वेगळी लाइन) मागा, प्री-फेडर, म्हणजे मुख्य आवाज कमी-जास्त केला तरी न बदलणारा, आणि त्यात फक्त शाहीर आणि झीलकरी. मुख्य स्पीकरला इको लावलेला असतो, तो या लाइनमध्ये येऊ देऊ नका. इको नंतर घालता येतो, काढता येत नाही. आणखी एक विनंती आवर्जून करा: गाणं संपल्यावर माइक म्यूट करू नका. पुष्कळ मिक्सरवर म्यूट दाबलं की ऑक्सचा आवाजही जातो आणि दोन कवनांमधलं बोलणं कायमचं हुकतं.

जोडताना तीन सावधगिरी. बोर्डाची लाइन लाइन-पातळीची असते, ती रेकॉर्डरच्या माइक इनपुटमध्ये घातली तर आवाज फाटतो. इनपुट लाइनवर करा किंवा पॅड (आत येणारा आवाज कमी करणारी सोय) लावा. त्या इनपुटची ४८ व्होल्ट फँटम बंद आहे हे दोनदा पाहा. आणि जोडल्याबरोबर सलग ‘घूं’ ऐकू आली तर ती ५० सायकलची विजेची गुणगुण आहे. डीआय बॉक्समधून लाइन घ्या आणि त्यावरची ग्राउंड लिफ्टची कळ दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवणारे लोक भेटतील. ते कधीही करू नका. उभा गायक, घामेजलेले हात आणि धातूचा माइक, यात जीव जाऊ शकतो.

माइक कुठे लावायचे

शाहिराचा माइक साउंडवाल्याचाच राहू द्या. स्टँड पसंत करा. गालाजवळचा छोटा माइक सोयीचा वाटतो, पण फेट्याचा शेमला, उपरण्याची जर आणि घाम यांनी तो सतत खरखरतो. हातात डफ असेल तर स्टँडची उंची नीट लावा. डफ छातीशी धरलेला असतो, तोंडापासून वीतभर खाली. माइक तोंडाच्या वरून खाली रोखला, तर तो डफालाच तोंड करून बसतो आणि प्रत्येक थाप आवाजाच्या डोक्यावर पडते. माइक हनुवटीच्या किंचित खाली ठेवून वर, तोंडाकडे रोखा, म्हणजे त्याची पाठ डफाकडे येते. साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. अंतर चार ते सहा बोटं. त्याहून जवळ गेलं की आवाज नको इतका जाड होतो.

गायक माइक हातात घेत असतील तर एक जुनी सवय पाहून ठेवा: जोश चढला की मूठ दांड्यावरून सरकून जाळीवर आवळली जाते. जाळीखालची मागची छिद्रं झाकली की माइकला दिशा राहत नाही, तो चारी बाजूंचं ऐकू लागतो. आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि मॉनिटर (गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) शिट्टी मारतो. जाळीच्या खाली दोन बोटांवर लाल टेपचा एक वेढा घाला आणि मेकअप रूममध्ये एकदाच, हळूच सांगा, “बुवा, हात या टेपच्या खाली.” रंगमंचावर सांगायला जाऊ नका.

झीलकरी मागे अर्धवर्तुळात उभे असतात. चौघांना दोन माइक पुरेत, प्रत्येकापासून हात-दीड हात लांब. प्रत्येकाला वेगळा माइक देण्याचा मोह आवरा. त्यांचा आवाज एकमेकांत मिसळूनच झील बनते; वेगवेगळे चार आवाज टिपून नंतर ते एकत्र करायला गेलं की ती गोलाई येत नाही. दोन माइकमधलं अंतर माइक ते गायक अंतराच्या तिप्पट ठेवलं की आवाज पोकळ होत नाही.

ढोलकीला जमलं तर दोन माइक, शाईच्या (बारीक सुराच्या) बाजूला आणि धुमाच्या (जाड, घुमणाऱ्या) बाजूला, पुडीपासून एक वीत, हाताच्या वाटेत येणार नाही असे तिरके. एकच माइक असेल तर वरून, मधोमध, दीड वीत उंचीवर. वादक कमरेला बांधून उभ्याने वाजवणार असेल तर स्टँडचा माइक निरुपयोगी, कारण तो फिरतो. अशा वेळी समोरच्या जोडमाइकवर (रंगमंचाच्या कडेला लावलेल्या दोन माइकच्या जोडीवर) भिस्त ठेवा. संबळ फार मोठ्याने बोलतो. त्याला डायनॅमिक माइक, हातभर वरून, आणि रेकॉर्डरवर पॅड. कंडेन्सर जवळ नेला तर काठीच्या पहिल्याच फटक्याला फाटतो. हार्मोनियमला वरून, पेटीच्या वरच्या छिद्रांकडे रोखून. भात्याच्या बाजूला लावला तर हवा आणि लाकडाची टकटक येते. टाळ-झांजेला माइक लावू नका. ती सगळ्यांच्या माइकमध्ये आपसूक येतेच, उलट झांजवाला शाहिराच्या माइकपासून दोन हात दूर उभा राहील एवढं बघा.

तुणतुण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. एक तार, खाली कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं, वर बांबूची काठी आणि खुंटी, एवढंच ते वाद्य. आवाज बारीक. पण अख्ख्या कार्यक्रमात सूर आणि लय दोन्ही त्याच्या जिवावर टिकतात. शाहीर अंतऱ्यात वर गेला की खाली परत यायची जागा तेच दाखवतं. हॉलमध्ये ते जेमतेम ऐकू येतं आणि रेकॉर्डिंगमध्ये नसलं तर गाणं उघडं पडतं. एक छोटा कंडेन्सर नळकांड्यापासून एक वीत अंतरावर, झांज आणि संबळ यांच्याकडे पाठ करून लावा. वादकाला एकाच जागी उभं राहायला सांगा आणि जमिनीवर टेपची फुली मारून द्या. माइक एकच उरला असेल तर तो ढोलकीला न देता तुणतुण्याला द्या. ढोलकी कुठूनही येईल.

आता जोडमाइक. नाट्यगृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, बुटक्या स्टँडवर दोन कंडेन्सर: दोघांच्या टोकांत १७ सेंटिमीटर आणि ११० अंशांचा कोन. ही जोडी मुख्य स्पीकरच्या मागे राहते, त्यामुळे स्पीकरपेक्षा खरा रंगमंच जास्त ऐकते. मैदानात वाऱ्यासाठी केसाळ टोपी लागतेच. नुसत्या फोमने पंख्याचा झोत अडतो, खाडीवरून येणारा वारा अडत नाही. प्रेक्षकांसाठी वेगळा माइक लावायचा असेल तर तो मागे, बोर्डाजवळ. शिट्ट्या, ‘वन्स मोअर’, एखाद्या ओळीला उठलेली दाद, हे या गाण्याचंच अंग आहे.

पातळी

चाचणीत कुणीही पूर्ण आवाजात गात नाही, आणि वयस्कर गायकाला गायला लावूही नये. दहा मिनिटांत आटोपा: एक कडवं, एक झील, ढोलकीचा एक तुकडा. तेव्हा सर्वांत मोठा आवाज उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा. कार्यक्रमात तो आपोआप उणे १२ ते उणे १० वर जातो. आवाज पहिल्या वीस मिनिटांनंतर खरा लागतो, आणि पोवाड्याच्या शेवटच्या चौकात (भागात) शाहीर जे चढतात त्याची गणात कल्पनाही येत नाही. २४ बिटमध्ये थोडा कमी आवाज चालतो, फाटलेला मात्र दुरुस्त होत नाही. ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद. तो चालू असेल तर ढोलकीच्या प्रत्येक थापेनंतर शाहिराचा आवाज दबतो आणि मग फुगून वर येतो, लाटा आल्यासारखा. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असेल तर आत येणारा आवाज फाटत नाही, हे खरं. पण माइकच झेपेनासा झाला किंवा बोर्डावरच फाटून आला, तर तोही काही करू शकत नाही.

व्हिडिओ घेणार असाल तर कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर, म्हणजे आपल्या ५० सायकलच्या विजेवर चालणारे दिवे लुकलुकत नाहीत. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज चालू ठेवा, जुळवायला लागतो. काही कॅमेरे अर्ध्या तासाला आपोआप थांबतात, ते आधी तपासा.

कार्यक्रम सुरू असताना

पडदा उघडण्याच्या पंधरा मिनिटं आधी बटण दाबा आणि हॉल रिकामा होईपर्यंत हात लावू नका. मध्यंतरातही नाही. विंगेत शाहीर झीलकऱ्यांना पुढच्या कवनाची चाल गुणगुणून देतात, ते कधी कधी सर्वांत मोलाचं निघतं (ते ठेवायचं की नाही, हे नंतर त्यांना विचारूनच). दर दहा मिनिटांनी आकडे पळताहेत ना, बॅटरी किती, एवढं पाहा. हेडफोनवर एकेक चॅनल ऐका. गेन शक्यतो हलवू नका. हलवावाच लागला तर गाण्याच्या मधे न हलवता बोलणं चालू असताना, आणि वेळ वहीत लिहा.

दुसऱ्या माणसाचं काम फक्त वही. प्रत्येक गाण्याची सुरुवातीची वेळ, पहिली ओळ, पट्टी बदलली तर ती, कोण सोबत गायलं, कुणाचं नाव घेतलं. शाहीर झीलकऱ्यांकडे वळून गातात तेव्हा आवाज माइकवरून निसटतो. तेव्हा घाबरून गेन चढवू नका, परत वळले की फाटेल. तो तुकडा जोडमाइकवर पूर्ण सापडतो.

त्याच रात्री

झोपण्याआधी दोन प्रती करा, एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) काढून जुळतात का पाहा. कार्ड आठवडाभर पुसू नका. तिसरी प्रत दुसऱ्या घरी.

जुळवणी आणि सफाई

वेगवेगळ्या यंत्रांचे ट्रॅक जुळवायला रंगमंचावर टाळी वाजवायची गरज नाही, ढोलकीची पहिली स्वच्छ थाप पुरते. आवाज एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. बोर्डाजवळचा माइक १२ मीटरवर असेल तर तो ३५ मिलिसेकंद मागे असतो. तो तेवढा आधीच्या बाजूला सरकवा, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, तासाभरात दोनेक फ्रेमचा फरक सहज पडतो. म्हणून एकदाच जुळवून सोडू नका, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला तपासा.

मिक्स करताना जोडमाइक पाया धरा आणि त्यावर शाहिराची लाइन तेवढीच चढवा, जेवढ्यात शब्द कळतील. शाहिराच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झखालचं कापा, ढोलकीच्या धुमाच्या बाजूला कापू नका. नॉइज रिडक्शनपासून लांब राहा. ती सॉफ्टवेअर सतत येणाऱ्या आवाजाला गोंगाट समजतात, आणि तुणतुणं तर सततच वाजतं. ‘साफ’ केल्यावर तार मेल्यासारखी वाटते आणि झांजेची आस (मागे रेंगाळणारा नाद) अर्ध्यात तुटते. पंख्याची घरघर थोडी राहिली तर राहू द्या. सूर सुधारणारी सॉफ्टवेअर वापरायचीच नाहीत. शाहीर एखादा स्वर मुद्दाम किंचित चढा लावतात, तो तसाच हवा. खोकला, पाणी पिण्यासाठी घेतलेला थांबा, चुकून परत म्हटलेली ओळ, मूळ फाइलमध्ये काहीही कापायचं नाही. लोकांसाठीची प्रत वेगळी करा. इंटरनेटसाठी आवाज उणे १४ ते उणे १६ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं माप) आणि शिखर उणे १ डेसिबलवर ठेवला की पुरे.

नोंद करून परत द्या

फाइलचं नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग गायक, मग क्रमांक. ‘फायनल नवीन २’ अशी नावं सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाहीत. सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सगळ्या साथीदारांची नावं, वाद्यं, माइक कुठे होते आणि परवानगीच्या कागदाचा फोटो.

दोन-तीन आठवड्यांत पेनड्राइव्ह घेऊन गायकाच्या घरी जा. प्रत्येक साथीदारासाठीही एक प्रत न्या. घरच्यांच्या फोनवर ऐकायला एमपी३ पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती आणखी दाबली जात नाही. मग शाहिरांना हेडफोन लावून द्या आणि वही उघडा. गाणं चालू असताना ते स्वतःच थांबवायला सांगतात: हा शब्द अमुक गावाकडचा, ही ओळ गुरूंनी वेगळी शिकवली होती, इथे एक कडवं वेळेअभावी गाळलं. गाळलेलं कडवं म्हणून दाखवायला विनंती करा. तेव्हा फोनचं रेकॉर्डिंगही चालतं. वहीतला पाठ आणि त्या रात्री गायलेला पाठ वेगळे निघाले तर दोन्ही लिहून ठेवा, एकावर काट मारू नका. कोणत्या ओळीत फरक आहे तिथे वेळेचा आकडा घाला, तास-मिनिट-सेकंद.